शब्बाथ संपल्यावर

मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एक लहानसा उल्लेख आहे. सेमिनरीत असताना तो मी अनेकदा वाचला असेन. परंतु त्याने मला कधी थांबवले नाही. यहूदा मक्काबी आणि त्याचे सोबती निकानोरच्या सैन्याचा पराभव करतात, शत्रूची लूट हाती येते आणि तेवढ्यात शब्बाथ सुरू होऊ लागतो. पाठलाग सोडून ते माघारी फिरतात. तो दिवस स्तुती-प्रार्थनेत जातो. मग शब्बाथ संपल्यावर ते त्या लुटीतील वाटा प्रथम छळ सोसलेल्यांना, विधवांना आणि अनाथांना देतात आणि उरलेले आपसांत व आपल्या मुलाबाळांत वाटून घेतात.

'शब्बाथ संपल्यावर' या दोन शब्दांचा अर्थ मला उमगला तो २०१६ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री, घरापासून हजारो मैल दूर, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील एका रुग्णालयात. परंतु त्या रात्रीविषयी सांगण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक जुनी चूक कबूल करायला हवी. ती बाजूला ठेवली तर पुढचे सारे सांगणे केवळ प्रवासवर्णन ठरेल.

त्याच्या दहा वर्षे आधी मी प्रथमच एका धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू झालो होतो. आगमनकाळाच्या अखेरच्या रविवारी मिस्सानंतर गरीब कुटुंबांना नाताळची भेट वाटण्याची तेथे प्रथा होती. तांदूळ, साखर, तेल, मैदा आणि एक साडी असे तिचे स्वरूप असे. आधी देणगीदारांची नावे ध्वनिक्षेपकावरून वाचली जात आणि मग घेणाऱ्यांची. प्रथा माझ्या आधीची होती हे खरे. पण मी ती मोडली नाही, उलट अधिक नीटनेटकी केली. यादी टंकलिखित करून घेतली. छायाचित्रकार बोलावला.

त्या दिवशी एका विधवेचे नाव मी तीनदा पुकारले. ती चर्चमध्येच होती. मला दिसत होती. ती उठली नाही. ऐकू गेले नसावे असे समजून मी एका तरुणाच्या हाती पिशवी तिच्या बाकापर्यंत पोहोचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पिशवी धर्मगुरूनिवासाच्या पायरीवर ठेवलेली आढळली. तिची गाठही सोडलेली नव्हती. मला राग आला. "घरात दाणा नाही, पण ताठा पाहा," असे मी कोणापाशी तरी बोलूनही गेलो. पुढे माझी बदली झाली. नव्या गावी नव्या जबाबदाऱ्या आल्या आणि ती पिशवी मी विसरलो, किंवा विसरलो असे मी समजत होतो.

२०१६ साली रुग्णांच्या आध्यात्मिक सेवेचे प्रशिक्षण घेण्यासाठी मला काही महिने परदेशी पाठवण्यात आले. त्या वर्षी २४ डिसेंबरला शनिवार होता. यहुदी पंचांगातील किसलेव महिन्याची २५ तारीख त्याच सायंकाळी सुरू होत होती. म्हणजे आमची मध्यरात्रीची मिस्सा आणि त्यांच्या हनुक्का सणाचा पहिला दिवा एकाच रात्री आले होते. सकाळी मी स्वयंसेवकांच्या कार्यालयात डोकावलो. भिंतीवर रात्रपाळीची यादी लावलेली होती. रोजची ओळखीची आयरिश, इटालियन आणि फिलिपिनो नावे तीत नव्हती. त्यांच्या जागी एकजात यहुदी आडनावे होती आणि त्यांतली बहुतेक स्त्रियांची. स्वागतकक्ष, जेवणाच्या ढकलगाड्या, आणीबाणी विभागाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांची विचारपूस, आणि ज्यांना भेटायला कोणीच येत नाही अशा रुग्णांच्या उशाशी बसणे, अशी सारी कामे त्यांनी वाटून घेतली होती. ख्रिस्ती स्वयंसेवकांना आपला सण आपल्या घरी साजरा करता यावा म्हणून जवळच्या सिनेगॉगमधील भगिनी मंडळ दरवर्षी हे दोन दिवस स्वतःकडे घेते, असे मला सांगण्यात आले. अमेरिकेतील अनेक शहरांत यहुदी मंडळी नाताळात अशी सेवा करतात, हे मला पुढे कळले. यादीतील काही नावांपुढे पेन्सिलीने लिहिले होते : 'शब्बाथ संपल्यावर.'

सात वाजण्याच्या सुमारास त्या आल्या. बाहेर कडाक्याची थंडी होती. त्यांच्या प्रमुख बाई सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शाळाशिक्षिका. कोट खुंटीला अडकवता अडकवता त्या मला म्हणाल्या, "थोडा उशीर झाला, फादर. घरी दिवा लावला आणि मग अर्धा तास नुसती बसून राहिले."

मला त्या बसण्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी समजावून सांगितले. हनुक्काचे दिवे तेवत असतात तोवर, निदान पहिला अर्धा तास, स्त्रियांनी घरकामाला हात लावू नये अशी जुनी रीत आहे. त्या दिव्यांच्या उजेडात शिवणटिपण करायचे नाही, वाचायचे नाही, पैसेही मोजायचे नाहीत. तो उजेड वापरण्यासाठी नसतो. केवळ पाहण्यासाठी असतो. म्हणून तर आठ दिव्यांच्या जोडीला 'शमाश' म्हणजे सेवक नावाचा नववा दिवा ठेवतात. उजेड हवाच असेल तर तो या सेवकाने पुरवावा. "अर्धा तास मी काहीही केले नाही," त्या हसून म्हणाल्या. "आता रात्रभर काम सांगा."

हनुक्का म्हणजे समर्पण. या सणाची कथा आपल्याला परकी नाही. उलट ती सांभाळून ठेवण्यात आपला मोठा वाटा आहे. मक्काबींची पुस्तके हिब्रू बायबलमध्ये नाहीत, पण आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहेत. राजा अंतियोख एपिफानेस याने येरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले. यहूदा आणि त्याच्या भावांनी ते मुक्त केले, नवी वेदी उभारली आणि ख्रिस्तपूर्व १६४ साली, किसलेवच्या २५ तारखेला, तिचे समर्पण करून आठ दिवस उत्सव केला. एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरल्याची कथा नंतर तालमूद ग्रंथात आली. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात याच सणाच्या वेळी, हिवाळ्याच्या दिवसांत, प्रभू येशू मंदिरातील शलमोनाच्या देवडीत फिरत असल्याची नोंद आहे. म्हणजे हा सण प्रभूच्या परिचयाचा होता.

तालमूद असेही सांगते की हनुक्काचा दिवा लावणे स्त्रियांवरही बंधनकारक आहे, कारण त्या चमत्कारात त्याही सहभागी होत्या. सात पुत्रांना एकामागोमाग हौतात्म्य पत्करताना पाहूनही न डगमगलेली माता आपण मक्काबींच्याच पुस्तकात वाचतो. यहुदी परंपरेने तिला पुढे हॅना हे नाव दिले.

रात्री दहाच्या सुमारास थोडी उसंत मिळाली तेव्हा त्या बाईंनी विचारले, "फादर, तुमच्या देशात आमचे लोक आहेत का?"

मी त्यांना आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाविषयी सांगितले. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, अशी त्या समाजाची परंपरागत कथा आहे. ते मराठी बोलत, गावोगावी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. शतकानुशतके त्यांनी शब्बाथ पाळला, परंतु हनुक्का त्यांना ठाऊक नव्हता. पूर्वजांनी मायदेश सोडला तो या सणाच्या आधी, असे त्याचे कारण सांगितले जाते. पुढे बाहेरच्या यहुद्यांशी संबंध आला तेव्हा हा सण त्यांच्या घरांत आला.

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तेल गाळणारे लोक, आणि तेलाचा सणच ठाऊक नाही! तरी शब्बाथ सोडला नाही." त्यांचे डोळे पाणावले होते.

माझी मिस्सा जवळच्या चर्चमध्ये होती. निघण्यापूर्वी मी चौथ्या मजल्यावरील एका वृद्ध कॅथलिक स्त्रीला रुग्णाभ्यंग दिला. तिचे कोणी नातेवाईक हयात नव्हते. मी जाणार म्हणून ती कासावीस झाली. बाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जा. आज तुमची रात्र आहे. मी इथेच आहे."

पहाटे दोनच्या सुमारास मी परतलो तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. रेडिओवर नाताळची गाणी अगदी मंद आवाजात चालू होती. म्हातारी झोपली होती. तिच्या एका हातात जपमाळ होती आणि दुसरा हात बाईंच्या हातात. आम्ही बाहेरच्या मार्गिकेत आलो. "तिने माझे नाव विचारले होते," त्या म्हणाल्या, "पण मी सांगितले नाही. तुम्हीही सांगू नका. नाहीतर उद्यापासून तिला माझे आभार मानावे लागतील."

सकाळी त्या आजीने मला खरोखरच विचारले, "फादर, रात्रीची ती बाई कोण होती?" मी म्हणालो, "रुग्णालयातली सेविका." आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, पायरीवर ठेवलेली ती गाठ न सुटलेली पिशवी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

निघण्यापूर्वी बाईंनी मला आपल्या आजीविषयी सांगितले होते. आजी पोलंडमधून आली होती. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक पत्र्याची डबी टांगलेली असे. शुक्रवारी सायंकाळी शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी ती त्या डबीत एक नाणे टाकी. हनुक्कात आठही दिवस टाकी. डबी भरली की कोणीतरी येऊन ती रिकामी करून नेई. पैसे कोणाकडे जातात हे आजीने कधी विचारले नाही. त्या डबीला 'त्सेदाका'ची डबी म्हणत.

मायदेशी परतल्यावर मी त्या शब्दाच्या मागे लागलो. त्सेदाका याचा वापर दान या अर्थाने होतो. पण त्याचे मूळ 'न्याय' या अर्थाच्या शब्दात आहे. जे गरिबाला मिळते ते देणाऱ्याच्या उदारपणाचे फळ नसून ते गरिबाचे येणे आहे, असा त्याचा भाव. हे वाचताना मला आपली मराठी आठवली. दारावर आलेला भिकारी 'दया करा' असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, 'धर्म करा, माय.' आपल्या भाषेलाही ही गोष्ट ठाऊक होती. विसर आपल्याला पडला.

येरुशलेमच्या मंदिरात 'गुप्त दालन' नावाची एक खोली होती, असे मिश्ना ग्रंथात सांगितले आहे. देवभीरू माणसे तेथे गुपचूप आपले दान ठेवीत आणि चांगल्या घरातील, पण दैवाने खाली आलेली माणसे तेथूनच गुपचूप आपली गरज भागवीत. कोणी ठेवले, कोणी नेले, हे कोणालाच कळत नसे. बाराव्या शतकातील थोर यहुदी पंडित मोझेस मायमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. माणसाला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन पुन्हा हात पसरण्याची वेळच येऊ न देणे ही सर्वांत वरची. देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसणे ही तिच्या खालची. आणि कुरकुरत देणे ही सर्वांत खालची. माझ्या ध्वनिक्षेपकाला या आठांपैकी कोणत्या पायरीवर बसवावे, हे मला काही केल्या ठरवता येईना.

याच मायमोनिडीझ यांनी लिहिले आहे की भिक्षेवर जगणाऱ्यानेही अंगावरचे वस्त्र विकून का होईना, पण हनुक्काचा दिवा लावावा. साहजिकच त्याच्या तेलाची काळजी समाजाला घ्यावी लागते. पण त्यापुढे ते असेही सांगतात की तेल एकाच दिव्यापुरते असेल तर आधी घरातला दिवा लावावा. कारण घरातील शांती मोठी आहे. माणसांना अंधारात बसवून देवाचा दिवा उजळू नये. श्लोमो गान्झफ्रीड यांच्या १८६४ सालच्या आचारग्रंथात हनुक्काच्या दिवसांत दान वाढवावे, अशी स्पष्ट सूचना आहे. आजही अनेक यहुदी घरांत आठांपैकी एका रात्री मुलांना भेटवस्तू न देता ते पैसे कोणाला द्यावेत, हे मुलांनाच ठरवायला सांगतात.

अमेरिकेत या परंपरेला संघटित रूप दिले ते स्त्रियांनी. फिलाडेल्फियाच्या रिबेका ग्रॅट्झ (१७८१–१८६९) यांनी तरुणपणी ख्रिस्ती भगिनींच्या खांद्याला खांदा लावून विपन्नावस्थेतील स्त्रिया आणि मुलांसाठी काम केले. १८१५ साली अनाथाश्रम उभारण्यात भाग घेतला. १८१९ साली मात्र त्यांनी आणि त्यांच्या सिनेगॉगमधील स्त्रियांनी यहुदी महिलांची स्वतंत्र दानसंस्था स्थापन केली. अन्न, सरपण आणि कपडे गरजू घरांत पोहोचू लागले. वेगळी चूल मांडण्याची गरज का भासली? कारण त्या काळी मदत घेऊन येणाऱ्या काही ख्रिस्ती भगिनी भाकरीबरोबर धर्मांतराचा आग्रहही घेऊन येत. भुकेल्या यहुदी आईला ताटातला घास आणि आपला धर्म यांतून एक निवडावे लागू नये, म्हणून रिबेकाबाईंनी ही वाट धरली. वाचकहो, हे वाचताना मला लाज वाटली. पिशवी देताना मी कोणाचा धर्म मागितला नव्हता हे खरे. पण नाव मागितले होते, रांग मागितली होती, छायाचित्र मागितले होते.

१८९३ साली शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. स्वामी विवेकानंदांमुळे ती आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्या निमित्ताने यहुदी पुरुष मंडळींनी स्त्रियांचे सहकार्य मागितले, पण त्यांच्या वाट्याला काम ठेवले ते केवळ पाहुण्यांच्या सरबराईचे. हॅना सॉलोमन (१८५८–१९४२) यांनी ते नाकारले आणि यहुदी स्त्रियांची वेगळी परिषद भरवली. तिच्यातून यहुदी स्त्रियांची राष्ट्रीय संघटना जन्मली. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर एकट्या उतरणाऱ्या तरुण मुली ठगांच्या हाती पडू नयेत म्हणून या संघटनेच्या भगिनी धक्क्यावर त्यांची वाट पाहत उभ्या राहत. धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या त्या स्त्रियांमध्ये आणि चौथ्या मजल्यावर खुर्ची ओढून बसलेल्या बाईंमध्ये मला एकच धागा दिसतो. दिवा घरी लावायचा, आणि मग ज्याच्या घरी उजेड नाही त्याच्याकडे निघायचे.

व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या घोषणापत्राने यहुदी समाजाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८६ साली रोमच्या सिनेगॉगला भेट देऊन यहुद्यांना आपले ज्येष्ठ बंधू म्हटले. हे सारे मी सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते. पण ज्येष्ठ भगिनीही असतात, आणि त्या शिकवतात, हे मला त्या रात्री कळले.

२०१७ सालच्या आगमनकाळात, मी तेव्हा ज्या धर्मग्रामात होतो तेथे, नावे वाचण्याची प्रथा बंद केली. देणाऱ्यांची नाही, घेणाऱ्यांचीही नाही. पिशव्याही बंद केल्या. महिला मंडळातील दोन भगिनी आणि गावातील दोन वाणी यांच्याशी बोलून अशी व्यवस्था केली की ज्या घराला गरज आहे त्या घराच्या खात्यावर दुकानात रक्कम आधीच जमा असावी. त्या घरच्या बाईने इतरांसारखे दुकानात जावे, हवे ते घ्यावे आणि पिशवी हातात घेऊन ताठ मानेने घरी यावे. कोणत्या घराला किती, हे मलाही सांगितले जात नाही. काही देणगीदार नाराज झाले. पहिल्या वर्षी जमा बरीच घटली. ती अजूनही पूर्वीइतकी झालेली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच नाताळापूर्वी मी माझ्या जुन्या धर्मग्रामात त्या विधवेच्या घरी गेलो. ती आता थकली होती. मुलगा कमावता झाला होता. मी म्हणालो, "मावशी, मी तुमची क्षमा मागायला आलोय."

तिने विचारले नाही, कशाची. चहा ठेवला. कपबशी पुढे करताना एवढेच म्हणाली, "फादर, त्या दिवशी माझा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या वर्गातली पोरं मागच्या बाकावर होती."

दहा वर्षे मी जिला ताठा समजत होतो ती एका आईने आपल्या लेकरावर धरलेली सावली होती.

निघताना तिने माझ्या हातात एक पाकीट ठेवले. "तुमच्या त्या दुकानाचं कानावर आलंय माझ्या," ती म्हणाली. "कुणाच्या तरी खात्यात भरा. माझं नाव सांगू नका. आणि कुणाला दिलंत, ते मलाही सांगू नका."

मायमोनिडीझची दुसरी पायरी तिने कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती.

नाताळचा गोठा सजवताना आपण बाळ येशूभोवती दिव्यांची आरास करतो. या वर्षी ती करून झाल्यावर, यहुदी भगिनींप्रमाणे, थोडा वेळ हातातले काम बाजूला ठेवून तिच्यासमोर नुसते बसावे, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे. मग उठावे आणि आपल्या वाड्यातील कोणत्या घरी या रात्री कोणी सोबतीला नाही, हे आठवून पाहावे. तेथे जाताना नावाची पाटी घरीच ठेवावी.